बद्द

ऑल्विनने नाणं उजव्या हाताच्या बोटाच्या टोकावर तोललं, दुसऱ्या हातातल्या पेन्सिलीने त्याच्या कडेवर टिचकी दिली आणि मान स्वयंपाकघराच्या दाराकडे कलती करून तो थांबला. टक. त्यापुढे काही नाही. पुन्हा एक टिचकी. पुन्हा टक.

"बद्द," तो स्वतःशीच म्हणाला आणि नाणं मखमलीच्या तुकड्यावर ठेवून दिलं.

बेंडिगोतली हिवाळ्याची सकाळ होती. मागच्या अंगणातलं गवत हिमाने पांढरं झालं होतं. टेबलावर काटा, भिंग, मोजपट्टी आणि लोहचुंबक सगळं जागच्या जागी मांडलेलं होतं. वजन बरोबर भरलं होतं. जाडी, व्यास, राणीचा चेहरा, मागचा घोडेस्वार, कशातही खोट नव्हती. पण हल्लीचे चोर शाळा शिकलेले असतात. आत भलताच जड धातू भरतात, वर सोन्याचं जाड कातडं चढवतात आणि वजनमापात गुंजेचाही फरक पडू देत नाहीत. त्यांना साधत नाही तो आवाज. जुनं सोन्याचं सॉव्हरिन बोटावर वाजवलं की बारीक, लांब, थरथरता नाद देतं, आणि असं खोटं नाणं नुसतं टक करून गप्प बसतं. यंत्रं वरचं कातडं बघतात, कान आत शिरतो, असं ऑल्विन सगळ्यांना सांगत असे.

सगळे म्हणजे नेटवरच्या गटातले लोक. नाण्यांचं दुकान बंद केल्यापासून तोच त्याचा गाव होता. पर्थपासून ऑकलंडपर्यंतची माणसं तिथे सोन्याचांदीच्या नाण्यांबद्दल विचारत, आणि ऑल्विन न कंटाळता उत्तरं देत असे. सोन्याच्या भावापेक्षा स्वस्त मिळतंय म्हणजे ते सोनं नव्हे. विकणाऱ्याकडून आजच्या वर्तमानपत्रावर ठेवून फोटो मागवा. नाण्याच्या कडेचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. पैसे थेट खात्यावर कुणाच्या बापालाही पाठवू नका. एवढं करूनही शंका उरलीच तर लोक नाणं टपालाने त्याच्याकडे पाठवत. ऑल्विनच्या कानाला विचारा, असं गटात म्हटलं जाई. त्याला ते आवडायचं. तशीही दिवसभरात त्याला दुसऱ्या कुणी हाक मारत नव्हतं.

या वर्षात मात्र खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला होता. जे येई ते बद्द. "बाजार नासला आहे," असं त्याने गटावर लिहिलंही होतं, आणि त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या होत्या.

आजचं नाणं जिलाँगच्या एका सभासदाने घेतलं होतं. ऑल्विनने लिहिलं: "नाणं बद्द. विकणारी ग्लेनिस हॉकिंग, इंगलवुड. सावध राहा." मग तो उठला. चहा करावासा वाटला, पण एकट्यासाठी कोण करणार, म्हणून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. कुंपणाजवळ त्याच्या बायकोने, बेरिलने लावलेलं झुडूप होतं. त्यात चिमणीहून लहान, निळे रेन पक्षी असत आणि सकाळभर कलकलाट करत. बेरिल गेली आणि तिच्यामागोमाग तेही गेले असावेत. त्यांच्या पाण्याच्या बशीत आता नुसता पाला साचलेला असे.

ग्लेनिस हॉकिंग दोन आठवड्यांनी स्वतःच दारात उभी राहिली. साठीची, थोराड बाई, कोटावर कुत्र्याचे केस, हातात कोकोचा जुना डबा.

"तुम्हीच का ते कान?"

"मी ऑल्विन ट्रेम्बाथ. आपण?"

"ग्लेनिस. इंगलवुडची चोरटी."

ऑल्विन दारातून बाजूला झाला. रागावलेल्या विक्रेत्यांची त्याला सवय होती, पण ते फोनवरून शिव्या देत. पाऊण तास गाडी चालवत कुणी आलं नव्हतं. ती आत आली, कोट न काढताच टेबलाशी बसली आणि डबा त्याच्यासमोर सरकवला.

"ही उरलेली. माझ्या आईची आहेत. तिच्या बापाने इथल्याच सोन्याच्या खाणीत कमावलेली. छपराचे पत्रे बदलायचे म्हणून नेटवर एक विकलं, तर तुमचं वाचून त्या साइटवाल्यांनी माझं खातंच बंद केलं. आता क्लबात बोल्स खेळायला गेले तर बाया पर्स मांडीवर घेऊन बसतात. काल एक मला म्हणते, तुझ्या आईलाही कुणीतरी फसवलं असेल गं. आई दुकानदाराने चुकून दिलेली जादाची सुटी नाणी परत द्यायला उन्हातून चालत जायची, माहितीय?"

"तुम्ही मुद्दाम केलं असं मी कुठे म्हटलंय?"

"नाव कुणाचं लिहिलंत? आता माझ्यासमोर वाजवा. एकेक वाजवा. खोटी निघाली तर मी मुकाट्याने घरी जाईन."

ऑल्विनने हात पुसले. पहिलं नाणं बोटावर तोललं. टक. दुसरं. टक. तिसरं वाजवून त्याने सवयीने मान दाराकडे कलती केली आणि मग हळूच ते खाली ठेवलं. खरं सांगायचं तर त्याला तिची दया येत होती.

"बद्द आहेत. सगळी."

"बद्द?" ग्लेनिस त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, एवढी गोड वाजली की."

"विकणाऱ्याला नेहमी वाजल्यासारखंच ऐकू येतं, बाई."

"माझी थट्टा करताय का?"

"थट्टा कशाला करू? थांबा, खरं नाणं कसं वाजतं ते ऐकवतो. मग तुम्हीच ठरवा."

"ऐकवा. तोवर मी चहा टाकते, नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी भलतंच निघेल. किटली कुठाय?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आणि कपाटाची दारं उघडल्या-मिटल्याचा आवाज आला. त्या खोलीत बऱ्याच दिवसांत कुणी असं दाणदाण वावरलं नव्हतं.  ऑल्विनने उठून कपाटातली लहान डबी काढली. तीत बेरिलचं सॉव्हरिन होतं. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं. चाळीस वर्षं तो प्रत्येक नवं नाणं त्याच्याशी ताडून बघत आला होता. तिला निरोप दिला त्या दिवसापासून मात्र डबी उघडायला त्याचा हात झाला नव्हता.

त्याने ते बोटावर तोललं आणि टिचकी दिली.

टक.

बोट नीट मध्यावर नसेल. त्याने नाणं किंचित सरकवलं, श्वास रोखला, पुन्हा वाजवलं. टक.  सासऱ्याने खोटं नाणं दिलं असेल असं एक पळभर मनात आलं आणि त्या विचाराची त्याला लाज वाटली.

स्वयंपाकघरातून ग्लेनिसचा आवाज आला.

"हे काय वेगळं वाजलं? आमच्यासारखंच आहे की. खणखणीत."

ऑल्विनचा हात तसाच अधांतरी राहिला. खणखणीत. अगदी हाच शब्द, याच दारातून. तो इथे बसून नाणं वाजवी आणि बेरिल तिथून, बटाटे सोलता सोलता ओरडे, "खणखणीत आहे, ऑल." नाहीतर, "अगंबाई, हे मेलं बद्द." त्याला राग यायचा. एकदा तर तो म्हणाला होता, "बेरिल, परीक्षा कुणाची चाललीय, माझी की तुझी?" त्यावर ती नुसती हसली होती.

लग्नानंतर कितीतरी वर्षं ती असं काही बोलत नसे. हे सुरू कधी झालं ते त्याला आठवेना. आणि मग आठवलं ते किटलीमुळे. शिट्टीची जुनी किटली. त्याने ती चुलीवर ठेवली, शेजारीच बसून भिंगातून नाणी बघत राहिला आणि किटली कोरडी होऊन जळाली. बेरिल बागेतून धावत आली होती. "शिट्टीच मेली असेल मेली," असं म्हणून ती दुसऱ्याच दिवशी विजेची किटली घेऊन आली, पाणी उकळलं की लाल दिवा विझणारी. स्वयंपाकघरातून ओरडायला तिने सुरुवात केली ती त्याच हिवाळ्यात.

ग्लेनिस कप घेऊन दारात आली आणि त्याचा चेहरा बघून थबकली.

"काय झालं हो?"

"एक काम करा," ऑल्विन म्हणाला. "हे तुम्ही वाजवा. माझ्यासमोर उभ्या राहून."

तिने कप ठेवले, नाणं बोटावर घेतलं, पडता पडता सावरलं आणि पेन्सिलीने टिचकी मारली. ऑल्विनने टक ऐकलं. मग तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिचे डोळे थोडे वर गेले, भुवया सैल झाल्या, रागाने आवळलेला जबडा सुटला. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग तिने मान हलवली, आणि नाद संपला हे त्याला कळलं.

"एवढा वेळ वाजतं?" त्याने विचारलं.

"तुम्हाला नाही ऐकू आलं?"

त्याने नकाराने मान हलवली. टिचकी ऐकू येत होती, तो बारीक नाद तेवढा नाही. त्याला वाटलं होतं, माणसं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. त्याला वाटलं होतं, बाजार नासला आहे.

"बायको सांगायची," तो म्हणाला. "तिथून. मला वाटायचं लुडबुड करते."

ग्लेनिस खुर्चीत बसली. आता तिने कोटाची बटणं काढली.

"आणि कान गेलेत असं कधी म्हणाली नाही?"

"नाही."

"कधी गेली?"

"गेल्या वर्षी."

तिने चहाचा घोट घेतला. वाईट वाटल्याचं ती बोलली नाही, आणि ऑल्विनला ते बरं वाटलं.

"तुमचं जे आहे ते आहे," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्या आईचं काय?"

तो उठून संगणकापाशी गेला. दोन बोटांनी टाइप करायची त्याची पद्धत होती. आज तीही अडखळत होती. नाणी खरी आहेत, वाजत नाहीत ते माझे कान, असं त्याने लिहिलं. ग्लेनिस मागे येऊन उभी राहिली.

"नाव वर घ्या. आधी नाव. बदनामी करताना शोधावं नव्हतं लागलं."

त्याने नाव वर घेतलं. मग आणखी नावं घातली, या वर्षात ज्यांच्या ज्यांच्यापुढे त्याने बद्द लिहिलं होतं ती सगळी, न्यूकासलची, होबार्टची, ऑकलंडचा तो तरुण ज्याने तीन वेळा शपथेवर सांगितलं होतं. ही नाणी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. मी यापुढे तपासणार नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना त्याला फार एकटं वाटलं. टपालवाला आता कशासाठी येणार होता? बटण दाबायच्या आधी त्याने ग्लेनिसकडे पाहिलं. ती पडद्यावरची नावं वाचत होती. त्याने बटण दाबलं.

तिने डबा काखेत मारला. दारापर्यंत गेली आणि वळली.

"डॉक्टरला कान दाखवा. आमच्या शेजाऱ्याने यंत्र बसवलंय. आता तो लोकांची कुजबुजसुद्धा ऐकतो आणि पस्तावतो." मग कुंपणाकडे बघून ती म्हणाली, "आणि या पाखरांचा रोजच एवढा कलकलाट असतो का हो? डोकं कसं उठत नाही तुमचं?"

"कुठल्या?"

"ती काय, निळी. झुडपात."

ती गाडीत बसली आणि गेली. ऑल्विन पायरी उतरून, हिमाने गारठलेल्या गवतातून झुडपापर्यंत गेला. पार जवळ गेल्यावर त्याला दिसला. अंगठ्याएवढा निळा रेन, शेपूट उभारून फांदीवर बसलेला. चोच सताड उघडी होती आणि गळा सारखा थरथरत होता. त्याच्या पलीकडे अजून एक होता, आणि खाली करड्या रंगाच्या दोन माद्या. ऑल्विन पाय गारठेपर्यंत त्यांचे गळे बघत उभा राहिला. मग खाली वाकून त्याने बशीतला पाला काढून टाकला, बशी आत नेऊन धुतली आणि भरून परत ठेवली.

घरात आला तेव्हा पडद्यावर उत्तरं यायला लागली होती. त्याने ती वाचली नाहीत. टेबलाशी बसून बेरिलचं सॉव्हरिन बोटावर तोललं, टिचकी दिली आणि मान दाराकडे कलती करून थांबला. ग्लेनिसला लागला होता तेवढा वेळ, आणि वर आणखी थोडा.

"खणखणीत आहे, ऑल," शेवटी तो स्वतःच म्हणाला. एवढं त्याला ऐकू आलं.