शिंप्याचा पाय

देवाने शिंप्याची वाचा नेली, मानेखालचं सगळं अंग नेलं. शुद्ध तेवढी जागच्या जागी ठेवली. आणि शुद्धीत राहून धाकट्या भावाचं तोंड रोज बघायचं, यापरती शिक्षा नव्हती.

डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून एक बारीक जाळीची नळी मेंदूवरच्या शिरेत नेऊन सोडली होती. तिथे ती छत्रीसारखी उघडली आणि शिरेची भिंत घट्ट धरून बसली. प्रत्येक प्रश्नाला समोरच्या पडद्यावरची चौकट आधी 'हो'वर असायची. शिंप्याने मनात पाय दाबला की जाळीला कळायचं, अन् चौकट 'नाही'वर जायची. पुन्हा दाबला की परत 'हो'वर. जिथे थांबेल ते उत्तर.

भावाला दुकान स्वतःच्या नावावर हवं होतं. कागद घेऊनच तो उशाशी बसला होता. तीनदा विचारून झालं, तीनदा 'हो' आलं.

"बघा बाई, दादा माझ्या शब्दाबाहेर नाही," तो यंत्र सांभाळणाऱ्या बाईंना म्हणाला.

शिंपी आतल्या आत जळत होता. तो तर 'नाही'साठी पाय दाबत होता! बाई मात्र जाळीकडून पडद्यावर उमटणाऱ्या रेषा निरखत होत्या. काका, तुम्ही दरवेळी दोनदा दाबताय, त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षं पायमशीन चालवलेला पाय तो. चवड्यामागोमाग टाच जाणारच. चौकट जात होती नि आल्या पावली परतत होती.

बाईंनी प्रश्न पुन्हा लावला. आजारी माणसाला किती छळाल, म्हणून भाऊ करवादला. शिंप्याने मनातल्या मनात सुईखाली कापड सरकवलं, चवडा दाबला आणि त्याच क्षणी दोरा तुटल्याचं मनात आणलं. दोरा तुटला की शिंप्याचा पाय जागीच थबकतो.

चौकट 'नाही'वर गेली. तिथेच राहिली.

बाईंनी खात्रीसाठी परत विचारलं. परत 'नाही'.

"यंत्र बिघडलंय," भाऊ म्हणाला.

मघाशी बरं चांगलं होतं, बाई म्हणाल्या.

त्याने कागद गोळा केले, खिशातली किल्ली काढून पांघरुणावर भिरकावली. "जा मग, उघड तुझं दुकान. आणि उद्यापासून घास भरवायला मला बोलावू नकोस."

दार आपटलं. किल्ली शिंप्याच्या मांडीवर पडली होती. भार जाणवत नव्हता, पण नजर तिच्यावरून हलेना. बाईंनी ती उचलून त्याला दिसेल अशी ठेवली आणि संध्याकाळचं जेवण कोण भरवणार ते विचारायला बाहेर गेल्या.