वांग्याला फळ का धरेना

सर्जेरावचा वांग्यावर भारी जीव. बदनापूरला स्टेशनामागे खोली मिळाली, पुढे चार हात अंगण आणि त्यावर दिवसभर ऊन, म्हटल्यावर गड्याला भरल्या वांग्याची कढईच दिसायला लागली. त्याच्या बायकोच्या, प्रभावतीच्या, मनात मात्र झिनिया होती, फलाटावर फुलायची तशी लाल-पिवळी.

"फुलं खाऊन पोट भरतंय का?" सर्जेराव म्हणाला. "आन् दिवसभर फुलातच तर असतीस. अजून जीव भरला न्हाई?"

संकरित कपाशी तेव्हा नवी नवी. प्रभावती बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. उद्या उमलणारी कळी आज नखानं सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, म्हणजे सकाळी तिच्यावर दुसऱ्या जातीचे पराग लावता येतात.

"तिथं एक फूल धड ऱ्हाऊ देत न्हाईत," ती म्हणाली. "घरी तरी कोणी हात न लावलेलं पाहू द्या."

हे बोलणं सर्जेरावच्या डोक्यावरून गेलं. तो वांग्याची रोपं घेऊन आला, आणि बिचारीनं ती मुकाट्यानं लावलीसुद्धा.

रोपं काय फोफावली म्हणता! कळ्या तर विचारू नका. पण वांगं काही धरेना. सर्जेरावनं शेणखत घातलं, राख टाकली, शेजारच्या पुष्पाबाईंची नजर लागली असं ठरवून मीठ-मिरच्याही ओवाळल्या. उपयोग शून्य.

एका संध्याकाळी तो मिलमधून लवकर आला. प्रभावती वाफ्याजवळ बसून पुष्पाबाईंशी गप्पा मारत होती. बाजारभाव, सुना, नळाचं पाणी, सगळं चाललं होतं आणि हातही चालले होते. एक कळी, नख, टिच्. की दुसरी.

"अगं, काय करून राह्यलीस?"

तिनं खाली पाहिलं. पायाशी सोललेल्या कळ्यांचा सडा.

"आगं बाई! मला कळलंच न्हाई हो."

पुष्पाबाई खो खो हसल्या. प्रभावतीही हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. सर्जेरावला स्वतःची फार लाज वाटली.

रविवारी त्यानं वांगी उपटली, स्टेशनावरच्या माळ्याकडून झिनियाची रोपं मागून आणली आणि स्वतः लावली.

पहिली कळी टपोरली त्या संध्याकाळी प्रभावती तिच्यासमोर जाऊन बसली. जरा वेळानं तिनं हाक मारली.

"अहो, जल्दी या. माझे हात धरून बसा."

सर्जेराव बसला. पुष्पाबाई दारातून टक लावून बघत होत्या, तरी त्यानं हात सोडले नाहीत.