आतली मूठ

म्हैसुरात गाड्यांच्या काचा काढण्यात अंबाजीरावांची तीस वर्षं गेली. पण त्या दुपारसारखी काच त्यांनी एकदाच काढली.

"गाडी खुशाल भंगारात जाऊ दे," मृदुलाताई म्हणाल्या होत्या. "मागची ही बाजूची छोटी काच मात्र मला अख्खी हवी. घरी नेणार आहे."

का, हे विचारायची गरजच नव्हती. त्यांच्या यजमानांचं, उपेंद्रबुवांचं, एकही कीर्तन अंबाजीरावांनी चुकवलं नव्हतं. गेल्या रामनवमीला हुणसूरच्या देवळात पूर्वरंग झाला, बुवांच्या कपाळी बुक्का लागला, गळ्यात हार पडला, आणि कथा लावण्याआधीच छातीत कळ आली. मृदुलाताईंनीच गाडी हाणली. वाटेत बुवांनी याच काचेला कपाळ टेकून प्राण सोडला. कथा राहिली ती राहिलीच.

काच रबरात बसवलेली नव्हती, काळ्या गोंदानं पत्र्याला चिकटवलेली होती. अशी काच सोडवायला माणसं दोन लागतात. टोच्यानं गोंदाला भोक पाडायचं, पोलादी तार आरपार ओवायची, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. एकानं गाडीत बसायचं, एकानं बाहेर, आणि आळीपाळीनं ओढत गोंद कापत जायचं. जरा वाकडा जोर लागला की काचेचा साबुदाणा! आतली मूठ लग्नापासून बायकोची, वनजाची.

तार चालू झाली. एक ओढ यांची, एक तिची. काच गडद, आतलं काही दिसेना. निम्म्यावर आल्यावर ओढीला अशी काही लय आली की अंबाजीराव खूश झाले. "वनजा, आज काय झकास ओढतेस गं! रोज का नाही अशी?"

"कोण ओढतंय री?" वनजा त्यांच्या मागून आपल्या कन्नड वळणानं म्हणाली. हातात कॉफीचे लोटे. "अय्यो, कॉफी ठेवायला जाते म्हणून सांगितलं की मी! कान कुठं असतात तुमचे?"

तार थांबली नाही. अंबाजीरावांची मूठ आत खेचली गेली, सैल झाली, पुन्हा खेचली गेली. ती लय त्यांनी ओळखली. कथेला उभं राहताना बुवांच्या चिपळ्या असंच बोलायच्या.

"सोडू नका," बाजूला उभ्या असलेल्या मृदुलाताई पुटपुटल्या. "फुटेल ती."

त्यांनी सोडली नाही. अंगाला घाम, ओठांवर रामनाम. शेवटचा गोंद कापला गेला, तरी काच हलेना. आतून कुणी दोन्ही तळवे लावून धरावी तशी घट्ट. ओढायला गेले तर काच करकरली.

"जबरदस्ती नको री," वनजा कळवळली. "कथा अर्धी सोडून गेलेत ते. मध्येच कसं उठवायचं त्यांना?"

मृदुलाताई पुढे झाल्या. बावीस वर्षं बुवांच्या मागं उभं राहून त्यांनी टाळ धरले होते. पुढे कधी पाऊल टाकलं नव्हतं. काचेशी तोंड नेऊन म्हणाल्या, "अहो, ऐकताय ना? या नवमीला हुणसूरला मी उभी राहते. राहिलेली कथा मी सांगते. सोडा आता."

आत काहीतरी लाकडी खाली पडलं. काच अलगद अंबाजीरावांच्या हातांत आली. अख्खी, आणि ताप भरल्या अंगासारखी गरम. मागची सीट रिकामी होती.

मृदुलाताई मटकन स्टुलावर बसल्या. "बोलून बसले हो, अंबाजीराव! मला कुठे येतंय? देवळात नाही म्हणून कळवलं तर?"

अंबाजीरावांनी काच चादरीत गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"देवळाला काय, कळवाल हो," ते हळूच म्हणाले. "पण ताई, शब्द देवळाला कुठं दिलाय तुम्ही?"