पेटीतली कणी

आश्रुबा गुरुजींनी मोटारसायकलच्या कॅरिअरची दोरी सोडली, गोधडीत गुंडाळलेली पेटी छातीशी धरून वर्गात आणली आणि टेबलावर ठेवता ठेवताच म्हणाले,

"मॅडम, दाबा ती पट्टी. दाबा तर खरं!"

मंगल फळ्यावर वजाबाकी लिहीत होती. हात झटकून ती आली. कोणती पट्टी, हे विचारायची गरज नव्हती. तीन वर्षं ज्या पट्टीतून नुसती हवा जायची, ती तिनं दाबली आणि भाता मारला. प वाजला. चांगला खणखणीत वाजला. सगळ्या वर्गानं एकच गिल्ला केला, धर्मराजनं तर बाकच बडवायला घेतला.

"वडवणीला बाजाराला गेलतो. म्हणलं, शुक्रवारी तपासणीला साहेब येणार, पेटीबी धड असावी. हैदर पेटीवाल्याकडं टाकली. अर्ध्या तासात मोकळी!" गुरुजी शाळेचे मुख्याध्यापक. शाळा दोन शिक्षकांची, पोरं एकतीस, त्यामुळे मुख्याध्यापकालाच हमालीही करावी लागते. पण आज त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. "ही घ्या. हैदर म्हणला, पेटीचं दुखणं ह्यात हाय."

पुडीत तांदळाची एक कणी होती, हळदीनं पिवळी पडलेली.

पेटी मूळची गावच्या भजनी मंडळाची. नवी घेतल्यावर त्यांनी जुनी शाळेला देऊन टाकली, आणि देताना कुणी एका शब्दानं सांगितलं नाही की हिची एक पट्टी मुकी आहे. मंडळ दर दसऱ्याला पेटीची पूजा करी, हळदकुंकू आणि वर मूठभर अक्षता. त्यातलीच एक कणी आत उतरली आणि सूर काढणाऱ्या पितळी जिभेखाली जाऊन बसली. इतक्या श्रद्धेनं पुजून पुजून त्यांनी पेटीचाच गळा धरला होता. मंगलला पेटी वाजवता यायची ती फक्त काळी पाचचा सा धरून. डी.एड.ला असताना तेवढंच शिकली होती. आणि त्या 'सा'चा प म्हणजे नेमकी हीच पट्टी. आता काय म्हणावं! सगळी पेटी सोडून बिघडायला हीच सापडली.

"कावून हो मॅडम, आनंद न्हाई झाला?" गुरुजींनी विचारलं.

"झाला ना, सर. झाला," मंगल म्हणाली, आणि तिसऱ्या रांगेत बघायचं टाळून तिनं पुडी पर्समध्ये टाकली.

तिसऱ्या रांगेत संस्कृती बसायची. तिसरीतली पोर. दुसरीत आल्यापासून दीड वर्षात शाळेत ती कुणाशी एक अक्षर बोलली नव्हती. घरी म्हणे भावाशी भांडायची, शेळ्यांना शिव्या द्यायची. शाळेच्या फाटकातून आत आली की ओठ मिटायचे. तहान लागली तर माठाजवळ जाऊन उभी राही, मग कुणीतरी पाणी देई. गुरुजींनी गोडीनं विचारून झालं, रागावून झालं. मंगलनं खाऊ देऊन पाहिलं. खाऊ खाल्ला तिनं, पण बोलली नाही.

मग गेल्या ऑगस्टमध्ये मंगलचा घसा बसला. एरवी सरगम वाजवताना त्या मुक्या पट्टीपाशी ती स्वतः प म्हणायची. त्या दिवशी आवाजच नव्हता. सा रे ग म वाजलं, पुढं हुस्स करून हवा गेली, पोरं अडखळली, आणि त्या खड्ड्यात तिसऱ्या रांगेतून एक बारीक, सरळ प आला. जागच्या जागी. मंगलनं मान वर केली तेव्हा संस्कृतीचे ओठ मिटत होते.

तिनं शाब्बास म्हटलं नाही, हे देवानंच सुचवलं म्हणायचं. काही झालंच नाही अशी ती पुढं वाजवत राहिली. घसा बरा झाला तरी प म्हणायचं तिनं सोडून दिलं. पहिले काही दिवस सगळीच पोरं त्या जागी ओरडायची. एक दिवस अदिबा उठून म्हणाली, "ए, गप बसा. ती संस्कृतीची पट्टी हाय. तिला म्हनू द्या." तेव्हापासून वर्गात तसा रिवाजच पडला. मंगलनं एक गाणंही रचलं. 'डोंगराच्या पाठीवर बसलंय कोण?' असं सगळ्यांनी विचारायचं, आणि उत्तरातला 'ढग' त्या पट्टीवर यायचा. तो ढग एकटी संस्कृती म्हणायची. पाच महिन्यांत रोजचा एक प आणि चार ढग. एवढंच तिचं शाळेतलं बोलणं.

हे मंगलनं कुणालाही सांगितलं नव्हतं; गुरुजी तर सरगमच्या वेळी पलीकडच्या वर्गात असत. बोललं की दृष्ट लागते, असं शिकल्यासवरल्या बाईनं मानू नये, पण तिनं मानलं होतं. गुरुजींना एका शब्दानं सांगितलं असतं तर पेटी वडवणीला गेलीच नसती. चूक तिची होती, आणि ते तिला कळत होतं.

पेटी परत आली त्या दिवशी सरगम झाली. सगळ्यांबरोबर पेटीनंही प म्हटला. संस्कृतीचे ओठ हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मंगलनं मुद्दाम ती पट्टी सोडून दिली, तर धर्मराज ओरडला, "बाई, दाबा की! आता वाजतीय ना ती!" वर्ग हसला. संस्कृती बाकावरच्या खिळ्यावर बोट फिरवत राहिली.

शाळा सुटल्यावर संस्कृतीची आई, विजयमाला, फाटकाशी उभी होती. डोक्यावरचा कडवळाच्या चाऱ्याचा भारा तिनं खाली टाकला.

"मॅडम, उद्या ते साहेब येऊन पोरीचं नाव कशात घालणार हायेत?"

"विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी असते," मंगल म्हणाली. "वाईट नसतं ते. मदत मिळते अशा मुलांना."

"ज्यांना पायजे त्यांना मिळू द्या की. माझी पोरगी मुकी न्हाई." तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "गावात एकदा का नाव पडलं ना मॅडम, ते लग्नापातूर पुसत न्हाई. सासऱ्याच्या भावाला ल्हानपणी येडा म्हणले, तो म्हातारा होऊन मेला तरी येडाच."

मंगल गुरुजींकडे गेली. ते रजिस्टरवर वाकले होते.

"मी काय करू, मॅडम?" ते म्हणाले, आणि त्यांनाही वाईट वाटत होतं. "दीड वर्ष तोंडी परीक्षेचा रकाना मोकळा हाय. साहेबांसमोर एक शब्द बोलली तर मी आपल्या हातानं नाव खोडतो. आई, बाबा, कायबी बोलू दे."

"गायली तर?"

"ती?" गुरुजींनी चष्मा काढला. "गायली तर मी पेढे वाटतो."

घरी जाऊन मंगलनं हैदरभाईंना फोन लावला. नंबर पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता, तो तिनं उतरवून घेतला होता.

"भाई, ती कणी परत आत घालायची असेल तर कुठं घालायची?"

पलीकडे, कपडेही शिवणाऱ्या हैदरभाईंच्या शिलाई मशीनची घरघर चालू होती. ती थांबली.

"मॅडम, तीस साल झाले पेट्या खोलतोय. बिघडवायची कशी, हे कुनी इचारलं न्हाई आजपातूर."

मंगलनं त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, तेही न पाहिलेल्या माणसाला.

"हां," हैदरभाई म्हणाले. "मग असं करा. आतल्या फळीचे चार स्क्रू काढा. पितळी जीभ ब्लेडनं जरा उचला, जरा म्हंजे जराच, आन् कणी खाली सारा. जीभ वाकवू नका, न्हाईतर मग मलाबी जमायचं न्हाई. आन् मॅडम... अल्ला करो, जमू द्या."

शुक्रवारी मंगल शाळा भरायच्या तासभर आधी आली. व्हरांड्यात लहान चपलांचा एक जोड पडला होता. कुणीतरी काल विसरलं असेल म्हणून तिनं तो पायानं बाजूला सारला. पेटी उघडली. आपल्याच शाळेत चोरी करत असल्यासारखं वाटत होतं. चौथा स्क्रू बोटांतून निसटला आणि टणटण करत कुठंतरी दाराकडे गेला. कणी बसेपर्यंत घाम फुटला. पट्टी दाबली, हुस्स झालं, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. स्क्रू शोधायला ती गुडघ्यांवर बसली. कपाटाखाली बघितलं, उंबऱ्याशी बघितलं, सापडला नाही. तीन स्क्रूंवर फळी बसवून तिनं झाकण लावलं.

साहेब अकराला आले. भला माणूस होता, पण त्यांना दुपारपर्यंत आणखी दोन शाळा उरकायच्या होत्या. चहा अर्धा पिऊन त्यांनी यादीचा कागद पुढ्यात घेतला.

"ही मुलगी कोणती?"

"आधी मुलांचं गाणं ऐका, सर," मंगल म्हणाली. "पाच मिनिटं."

सा रे ग म. हुस्स.

वर्गात कुजबुज सुरू झाली. "बाई, परत बिघडली!" गुरुजी तर खुर्चीतून अर्धे उठले. "काल वाजत होती साहेब, आईशप्पथ!" मंगलनं पट्टी तशीच धरून ठेवली. तिसऱ्या रांगेतून काही आलं नाही.

तिनं पुन्हा सुरुवात केली. सा रे ग म. हुस्स.

आता कुजबुजही थांबली. अदिबा मान वळवून संस्कृतीकडे बघत होती. धर्मराजनं तोंड उघडलं, तर अदिबानं त्याला कोपरानं ढोसलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि समजुतीनं हसले.

"राहू द्या मॅडम. पेटी नादुरुस्त दिसते."

मंगलचे कान तापले. डोळ्यांत पाणी येतंय की काय असं तिला वाटलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला. काय मोठी अक्कल चालवायला गेलो आपण! एका पोरीची सगळ्यांसमोर परीक्षा मांडली, चांगली झालेली पेटी मोडली, गुरुजींना तोंडघशी पाडलं. तरी तिचा हात थांबला नाही. सा रे ग म—

"प," संस्कृती म्हणाली.

बारीक आवाज, पण सरळ. मंगलनं मान वर न करता ध नी सा वाजवलं आणि न थांबता गाणं धरलं. डोंगराच्या पाठीवर बसलंय कोण? ढग. सकाळी सकाळी आलंय कोण? ढग. चारही ढग एकटीचे. शेवटच्या ढगाला ती बाकावरून किंचित उठलीसुद्धा.

गुरुजींच्या हातातला कप तसाच राहिला होता. "साहेब," ते म्हणाले. "साहेब, हीच ती."

"मग आवाज आहे की पोरीला," साहेब म्हणाले. नाव विचारलं तर ती काही बोलली नाही, पण त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. यादीतल्या तिच्या नावावर आडवी रेघ ओढली, बाजूला 'गाते' असं लिहिलं आणि उठले. जाता जाता गुरुजींना म्हणाले, "ती पेटी तेवढी दुरुस्त करून घ्या."

गुरुजींनी मंगलकडे पाहिलं. मग पेटीकडे. काय समजायचं ते समजले असावेत.

"घेतो, साहेब," ते म्हणाले.

खिचडीची सुट्टी झाली. पोरं ताटल्या घेऊन बाहेर पळाली. मंगल पेटीपाशीच बसून राहिली. टेबलाच्या पलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं. तिनं सवयीनं वर बघितलं नाही.

टेबलावर एक स्क्रू ठेवला गेला.

"बाई, हा तुमचा."

मंगलनं स्क्रू उचलला. आवाज चांगला जाडसर होता, गाण्यातल्यासारखा बारीक नव्हता.

"कुठं सापडला?"

"दारात आलता. सकाळी." मग तिनंच पुढं सांगितलं, "मी हुते भाईर. आई लवकर रानात गेली म्हनून आलते."

व्हरांड्यातल्या चपला मंगलला आता आठवल्या. "म्हणजे तू बघितलंस मी काय करत होते ते."

"तांदूळ घातलाव तुमी आत."

"मग?" मंगलला विचारताना भीती वाटली. "माहीत होतं, तर म्हटलंस कशाला?"

संस्कृतीनं खिचडीच्या रांगेकडे एकदा पाहिलं. तिला घाई होती.

"तुमचं तोंड एवढूसं झालतं बाई, त्या सायबापुढं," ती म्हणाली.

संस्कृतीनं ताटली काखेत धरली, दुसरा हात टेबलावर पसरला आणि तळवा वर केला.

"काढा आता तो तांदूळ. बाकीचे स्क्रू माझ्याजवळ द्या. तुमी पाडताव."