आतली कडी

खाडीकाठी ओढून ठेवलेल्या शिडाच्या जुन्या होडीचं लाकूडकाम उमेळ्याच्या हरिश्चंद्र सुताराने अंगावर घेतलं, तेव्हा मालकाने एकच अट घातली. केबिनच्या दाराला कडी होती तशी फक्त बाहेरूनच बसवायची. हरिश्चंद्र वैतागला. माणसं झोपतात त्या खोलीला बाहेरून कडी? हे काय कोंबड्यांचं खुराडं आहे?

दाराच्या आतल्या बाजूचं वॉर्निश त्याने खरवडलं, तर खाली सागावर नखांचे ओरखडे निघाले. त्याने लांबीचा लगदा भरून ते बुजवले, वर घासकागद मारून दार गुळगुळीत केलं. सकाळी येऊन बघतो तर ओरखडे पुन्हा उमटलेले, आणि खाली लांबीचा ताजा भुगा. तीनदा असं झाल्यावर त्याने अट गेली खड्ड्यात म्हणत दाराला आतूनही पितळेची कडी बसवली. त्यानंतर एकही ओरखडा उमटला नाही.

रविवारी भर दुपारी मालक काम बघायला आला. दोघे डेकवर चढले. मालकाचे बूट फळ्यांवर वाजले मात्र, आतून खट्‌कन कडी लागली.

हरिश्चंद्राने मालकाकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. आत कोण आहे, हे मालकाने विचारलंच नाही.