छगनसाठी बसवलेलं चाक

आमच्या ह्यांना देवानं जीभ दिली ती जेवायला आणि ओरडायला. मनातलं बोलायची वेळ आली की बसली दातखीळ! म्हणून तर आमचा छगन पिंप्राळ्याला मामाच्या एसटीडी बूथवर जाऊन बसला, आणि हे इकडे ओट्यावर लोखंड मांडून बसले.

आम्ही हतनूर धरणाच्या पाण्यावर मासे धरणारी माणसं. छगन एकुलता एक. गेल्या भादव्यात धरणाचे दरवाजे उघडले आणि पाण्याला ओढ लागली. छगन म्हणाला, "आबा, आज नको जाऊ आपण." पण जाळी पाण्यात होती, ती वाहून जातील म्हणून ह्यांचा जीव खालीवर. पोरगं पाय मागे घेतंय म्हटल्यावर चार माणसांदेखत म्हणाले, "बांगड्या भरल्या का रे?" छगन मुकाट्यानं आमच्या इंजिनाच्या नावेत बसला. मधोमध गेल्यावर धारेनं सुकाणू असं फिरवलं, की त्याचा दांडा छगनच्या खांद्यात बसला. जळगावला ऑपरेशन झालं, पण उजवा हात काही खांद्याच्या वर गेला नाही. ह्यांनी डबे नेले, औषधं आणली, पोराचे पाय चेपले. त्या एका शब्दाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

बरा झाल्यावर छगन म्हणाला, मी मामाकडे जातो. हे भिंतीकडे तोंड करून विडी ओढत राहिले. मी म्हटलं, अहो, थांबवा त्याला! तर म्हणतात, "जाऊ दे, तिथं सावलीत बसंल." सावलीत बसंल म्हणे!

मग भुसावळच्या भंगारवाल्या झिपरूकडून ह्यांनी एका मोडक्या हार्वेस्टरचं स्टेअरिंग आणलं. चाक, त्याच्याखाली तेलाचा पंप, दोन जाडजूड नळ्या आणि आत-बाहेर सरकणारा लोखंडी दांडा. चाक फिरवलं की तेल नळीतून जातं, दांडा सरकतो आणि तो सुकाणूला वळवतो. पाण्याचा कितीही जोर येवो, झटका हातापर्यंत येत नाही. हे सगळं मला त्यांनी इतक्या हौसेनं सांगितलं, की लग्नाच्या एवढ्या वर्षांत माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते.

"कोणासाठी हे?" मी विचारलं.

"नावेसाठी," म्हणे.

नावेसाठी! मी काय दूधखुळी आहे? रात्री झोपेत छगनचं नाव घेऊन दचकून उठायचे, ते मला ऐकू येत नव्हतं की काय?

काम सुरू झालं आणि घराचं वाटोळं झालं. माझ्या परातीत तेल, माझ्या लुगड्याच्या चिंध्या नळ्यांना. नावेच्या मागच्या फळीला त्यांनी लोखंडी पट्टी ठोकली, दांडा बसवला, नळ्या जोडल्या. चाक फिरवलं तर ते नुसतंच गरगर फिरतंय, सुकाणू ढिम्म. नळीत हवा राहिली होती. मग मी चाक फिरवायचं, ह्यांनी मागे वाकून नळीचा नट सैल करायचा, बुडबुडे संपून नुसतं तेल आलं की आवळायचा. पुन्हा वरून तेल, पुन्हा तेच. माझे दंड भरून आले. हे तेलानं माखलेले, पण तोंडावर काय आनंद! शेवटी सुकाणू हललं, तेही उलटंच. चाक डावीकडे फिरवलं की नाव उजवीकडे. नळ्यांची अदलाबदल केली, तेव्हा कुठे ते सरळ झालं. मला हसू आवरेना, आणि हसता हसता रडू यायला लागलं. हा माणूस पोराची माफी नटबोल्टांनी मागतोय, हे दिसत होतं मला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, छगन घरी आला. खापरावरचे मांडे, आमरस, सगळं केलं. जेवण झाल्याबरोबर हे म्हणाले, "चल, नाव पाहून येऊ." मीही गेले मागे मागे, मला कुठला धीर निघतोय.

छगन चाकावर बसला. इंजिन सुरू झालं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यानं चाक फिरवलं आणि नाव अशी अलगद वळली, की तोच चकित झाला. हे समोरच्या फळीवर बसून पोराच्या तोंडाकडे बघत होते, जसा शाळेतला पोरगा निकालाकडे बघतो.

"लई चांगलं झालं, आबा," छगन म्हणाला. मग म्हणाला, "पण जाळं मी कोणत्या हातानं ओढू?"

ह्यांनी चाकाकडे पाहिलं, मग छगनच्या उजव्या हाताकडे. खरं सांगते, तो विचार माझ्याही डोक्यात आला नव्हता. भिजलेलं जाळं ओढायला दोन्ही हात खांद्याच्या वर न्यावे लागतात, हे काय आम्हांला कोणी शिकवायचं होतं? पण ह्यांना इतके महिने पोराच्या खांद्यात बसलेला तो सुकाणूचा दांडाच दिसत होता, दुसरं काही दिसतच नव्हतं.

"मी ओढीन," हे कसंबसं म्हणाले. "तू नुसता बस."

"नुसतं बसायला पिंप्राळ्याची खुर्ची काय वाईट शे?"

मग मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, बोला की! चाकं बसवता, नळ्या जोडता, आणि तोंडातून एक शब्द निघत नाही? त्या दिवशी बरा निघाला होता!"

हे उठले, पुन्हा बसले. पाण्याकडे बघत म्हणाले, "छगन, तुले पाण्याची अक्कल माझ्याहून जास्त होती. मी तुले चार माणसांत बांगड्यांचं बोललो. माझंच चुकलं रे बाप्पा. हात तुझा गेला."

 छगनला एकदम हुंदका आला. "एवढंच बोलायचं होतं, तर भुसावळहून इतकं लोखंड कायले आणलं, आबा?"

चाक सोडून तो बापाच्या खांद्यावर डोकं टेकून बसला. दोघे लहान लेकरांसारखे रडत होते, इंजिन चालू, नाव गोल गोल फिरतेय, आणि कोणाचं लक्ष नाही. मग मीच पदर खोचला, चाकावर जाऊन बसले आणि नाव काठाकडे वळवली.