दोन ओळींचं लेबल

तंजावरात बसून काम करणाऱ्या भुवनाला मराठी येतं हे पुण्याच्या ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं ते मुद्दाम लपवलं होतं असंही नाही. पहिल्याच ऑनलाइन मीटिंगमध्ये पुण्याच्या नचिकेतनं विचारलं होतं, तुम्हाला हिंदी चालेल का, आणि ती म्हणाली होती, इंग्रजी बरं पडेल. मग सगळे तिच्याशी इंग्रजीत बोलू लागले, आणि आपापसात काही बोलायचं झालं की मराठीत. कंपनीच्या दफ्तरी ती नुसती 'के. भुवना'. के म्हणजे कृष्णाजी, तिचे अप्पा. आडनाव लावायची तंजावरकडे रीत नाही, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

पहिल्या आठवड्यात सांगून टाकावं असं तिच्या मनात होतं. पण पुण्याची मंडळी भराभर, तुकडे पाडत बोलायची. तिच्या घरचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. ते 'बसा'ला 'बैसा' म्हणे, हेल काढत चाले आणि मध्येच 'सेरि', म्हणजे तमिळमधलं 'बरं', म्हणून मान डोलावी. आपण तोंड उघडलं तर हे लोक हसतील, असं वाटून ती गप्प राहिली. महिना गेला, आणखी काही महिने गेले, आणि मग आता कोणत्या तोंडानं सांगायचं, असं होऊन बसलं.

काम मात्र झकास चाललं होतं. कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करायची. नोंदणीचा स्क्रीन एका टीमचा, औषधांचा दुसऱ्या, लॅबचा तिसऱ्या. प्रत्येकाचं बटण निराळं, प्रत्येकाचा निळा रंग निराळा. म्हणून ठरलं की बटणं, रकाने, तक्ते, सगळं एकदाच नीट घडवायचं, एका सामायिक लायब्ररीत ठेवायचं आणि सगळ्या टीमांनी तिथूनच उचलायचं. दिसेल कसं, ते पुण्याची मृणाल परचुरे ठरवी. कोड लिहून ते चालतं करायचं काम भुवनाचं. तंजावरात मेडिकल कॉलेज रोडवर, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कंपनीचं छोटं ऑफिस होतं, तिथे बसून ती ते करी.

दोघींचं चांगलं जुळलं. मृणालनं बटणाचा कोपरा किती गोल हवा ते सांगावं आणि भुवनानं तो तसाच आणून दाखवावा. कामापलीकडे मात्र दोघी कधी बोलल्या नाहीत. मीटिंग सुरू व्हायच्या आधी मृणाल आणि नचिकेत यांच्या गप्पा चालत आणि भुवनाच्या कानावर पडत. अशाच एका सकाळी मृणाल सांगत होती की आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागेल. पुढे कधीतरी, आई चालायला तयारच नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असते, असंही तिच्या कानावर आलं. भुवनाला काही विचारावंसं वाटलं. तेवढ्यात मृणालनं इंग्रजीत तिला विचारलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "छान. तू?" मृणाल म्हणाली, "मीही छान." आणि दोघी तक्त्याच्या रेघांबद्दल बोलू लागल्या. त्या दिवशी भुवनाचं जेवणावरून मन उडालं होतं.

पुढे लेबलाचा प्रश्न निघाला.

लायब्ररीची पहिली आवृत्ती पब्लिश व्हायच्या आधी तिची चाचणी तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या एका खाजगी रुग्णालयात चालू होती. तिथल्या नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या अलमेलुनं स्क्रीनचा फोटो पाठवला. दोन रकाने शेजारी शेजारी होते, आणि दोन्हींच्या डोक्यावर एकच लेबल: 'मरुत्तुवमनै' आणि पुढे तीन टिंबं. तमिळमध्ये मरुत्तुवमनै म्हणजे रुग्णालय. एक रकाना रुग्णालयात दाखल झाल्याच्या तारखेचा, दुसरा रुग्णालयातून घरी सोडल्याच्या. मृणालनं लेबलाला एकच ओळ दिली होती, आणि इंग्रजी शब्द त्या ओळीत आरामात मावत. तमिळ शब्द लांबलचक, त्यामुळे दोन्ही लेबलं पहिल्याच शब्दावर तुटत. अलमेलुनं एका बाईंची घरी जायची तारीख दाखल व्हायच्या रकान्यात घातली होती. नंतर ती दुरुस्त झाली, पण भुवनाला स्वस्थ बसवेना.

"लेबल दोन ओळींचं होऊ द्यायला हवं," तिनं मीटिंगमध्ये इंग्रजीत सांगितलं. "आणि ते आत्ताच करायला हवं. एकदा का सगळ्या टीमांनी ही आवृत्ती उचलली, की मग लेबलाची उंची बदलली तर प्रत्येकाचा स्क्रीन खालीवर होईल."

मृणालला ते पटत नव्हतं. एक लेबल दोन ओळींचं आणि शेजारचं एका ओळीचं झालं की खालचे रकाने एका रेषेत राहत नाहीत, सगळा फॉर्म दात पडल्यासारखा दिसतो, असं तिचं म्हणणं. तमिळमध्ये छोटे शब्द शोधता येणार नाहीत का, असं तिनं विचारलं.

नचिकेत दोघींचा वरिष्ठ. सोमवारी पुण्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाला सगळं दाखवायचं होतं, म्हणून तो घाईला आलेला. तो मृणालकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "आपण आहे तशी पब्लिश करून टाकू. तमिळचं पुढच्या खेपेला बघू."

"ती ऐकायची नाही," मृणाल म्हणाली.

"आत्ता सांगायचंच कशाला? झाल्यावर सांगू. तिकडे एकच तर रुग्णालय आहे."

"तिचं म्हणणं बरोबर आहे रे, नचिकेत."

"असेल. पण सोमवार माझ्या डोक्यावर बसलाय."

एरवी अशा वेळी ती खाली मान घालून काहीतरी टाइप करत बसे. आज तिचा हात माइकच्या बटणाकडे गेला.

"नचिकेत, मजला कळतें," ती म्हणाली. "मराठी अमच्या घरची भाषा अहे. तुम्ही अत्ता सांगितलें तें सगळें कळलें. मजला न सांगतां पब्लिश करूं नका."

पडद्यावर नचिकेतचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. मग तो इंग्रजीतच पुटपुटला की, सॉरी, उद्या बोलू, आणि मीटिंग संपली. मृणालनं त्याआधीच कॅमेरा बंद केला होता.

संध्याकाळी मेल वीदी या रस्त्यावरच्या आपल्या घरी भुवनानं अप्पांना सगळं सांगितलं. कृष्णाजी वीजमंडळातून निवृत्त झालेले. ते ओसरीवर कॉफी घेऊन बसले होते. त्यांनी पेला खाली ठेवला.

"हंसले काय गा तुला?"

"नाहीं हंसले."

"मग बरें झालें. इतके दिवस काय बोलत होते ते?"

"भाजी, रस्त्यावरची गर्दी, मुलांच्या शाळा." ती त्यांच्याशेजारी बसली. "मृणालच्या आईचें दुखणें. तें मी ऐकलें, अप्पा, आणिक काही विचारूं शकलें नाहीं."

कृष्णाजींनी पेला पुन्हा उचलला. ते म्हणाले, "उद्यां विचार."

पण दुसऱ्या दिवशी फोन मृणालचाच आला. नेहमीच्या मीटिंगवर नाही, थेट मोबाइलवर. ती मराठीतच बोलली, आणि आवाज कोरडा होता.

"तू वर्षभर आमचं सगळं ऐकत होतीस."

"होय."

"एकदा सांगायचंस तरी. आम्ही आपले मोकळेपणानं बोलत होतो."

"पहिल्यानें लाज वाटली. अमचें मराठी तुमच्यासारखें नाहीं. पुढें उशीर झाला, आणिक मग भय वाटलें."

"माझ्या आईचंही ऐकलंस?"

"होय." मग भुवनानं विचारलं, "त्या चालतात काय अत्ता?"

"चालते," मृणाल म्हणाली. "काठी घेऊन. गच्चीपर्यंत जाते, पण खाली उतरताना मला हाका मारते." मग ती आईच्या व्यायामाबद्दल, तिच्या हट्टाबद्दल बोलत राहिली आणि भुवना ऐकत राहिली. राग सगळा गेला नव्हता. तसं मृणालनं सांगितलंही. "मला अजून वाईट वाटतंय. दोन दिवस वाटत राहील. पण कामाचं आज करून टाकू."

त्याआधीच मृणालनं नचिकेतला अलमेलुचा फोटो दाखवला होता आणि विचारलं होतं, यातला दाखल झाल्याचा रकाना कोणता? तमिळ न येणाऱ्या नचिकेतलाही दोन्ही लेबलं अगदी सारखी आहेत एवढं कळलं. सोमवारी गिऱ्हाइकाला चाचणीची आवृत्तीच दाखवायची आणि पब्लिश मागाहून करायचं, असं त्यानं मान्य केलं.

मग दोघी कामाला लागल्या. रकाने एका रेषेत कसे ठेवायचे, यावर भुवनानं एक तोड काढली. एका ओळीतल्या सगळ्या रकान्यांचे तळ एकमेकांना बांधून टाकायचे, म्हणजे लेबल वर कितीही वाढलं तरी खालची रेघ हलणार नाही. मृणालनं ते करून बघितलं, दोन ओळींमधलं अंतर स्वतः कमी केलं आणि कबूल केलं की हे दिसायला वाईट नाही. तक्त्यांच्या मथळ्यांना मात्र तिनं दोन ओळी देऊ दिल्या नाहीत. तिथे एकच ओळ, आणि बोट ठेवलं की पूर्ण नाव दिसेल, असं ठरलं. भुवनाला ते आवडलं नाही, पण तिनं वाद वाढवला नाही.

त्या सोमवारनंतरच्या गुरुवारी दुपारी लायब्ररी पब्लिश झाली. भुवनानं आज्ञा टाइप केली, पडद्यावर अक्षरं भराभर वर सरकत गेली आणि शेवटी पहिल्या आवृत्तीचा आकडा उमटला. शेजारच्या टेबलावरच्या वेंकटेशनं कोपऱ्यावरच्या हॉटेलातून बोंडा आणवला. औषधांच्या टीमनं त्याच दिवशी लायब्ररी उचलली आणि लगेच तक्रार केली की आमच्या फॉर्मची उंची वाढली. त्यांना उत्तर मृणालनंच दिलं, लेबलाला दोन ओळी का हव्यात ते फोटोसकट समजावून.

त्यानंतर तिचा भुवनाला एक लांब निरोप आला, देवनागरीत. भुवना तो बराच वेळ बघत राहिली आणि शेवटी तिनं फोन लावला.

"मजला वाचतां येत नाहीं," ती म्हणाली. "बोलतां येतें, तेवढेंच. अमच्यांत पुष्कळांना ही अक्षरें येत नाहींत."

मृणाल हसली, बऱ्याच दिवसांनी. "मग मी कुणासाठी एवढं लिहीत बसले?"

"तुम्ही वाचा. मी ऐकतें."

"आधी ते 'तुम्ही' सोड."

निरोप होता पुढच्या कामाचा. आता तारखेचं कॅलेंडर घडवायचं होतं. आठवडा सोमवारपासून सुरू करायचा असं मृणालनं ठरवलं होतं आणि त्याची कारणं दिली होती.

"सोमवार नको," भुवना म्हणाली. "अमच्याकडे आदितवार पहिला."

"कॅलेंडर सगळ्यांचं आहे, भुवना."

"होय. म्हणून सांगतें."

मृणालनं खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "बरं, सांग," ती म्हणाली, आणि भुवना सांगू लागली.